बालेर, फिलिपिन्स: वीकेंडला सर्फिंग आणि भटकंती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मनिलातल्या मराठी ग्रुपवर, सिंगापूरच्या मित्रमंडळींकडून आणि इकडे मेडिकल शिकणाऱ्या पोरांच्या आईवडिलांकडून बालेरबद्दल तेच तेच प्रश्न फिरून येत असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून टाकले. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढे वाद नको: बालेरची तारीख सुट्टी बघून नाही तर समुद्र बघून ठरवायची, आणि तिकडे गेल्यावर दोन सकाळी पाण्यात घालवायच्या, बाकी सगळं त्या दोन सकाळींच्या मधे बसवायचं.

बालेर नक्की आहे कुठे? आणि बोराकाय सोडून तिकडे का जायचं?

लुझोन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ऑरोरा प्रांताची राजधानी. मनिलापासून रस्त्याने साधारण 230 किमी. मधे सिएरा माद्रे डोंगररांग आडवी पडलीये, तिच्या पलीकडे उतरलं की समोर थेट पॅसिफिक. बोराकायसारखी पांढरीशुभ्र वाळू आणि निळं काचेसारखं पाणी डोक्यात असेल तर इथे येऊ नका, उगाच तोंड पाडून परत जाल. इथला सर्फिंगचा किनारा म्हणजे साबांग बीच, त्याची वाळू करडी-तपकिरी आहे, लाटा आल्या की पाणी गढूळ होतं, आणि रात्री दहानंतर गाव झोपतं. पण तळ वाळूचा, लाट लांबून हळूहळू फुटत येते आणि शिकवणारे लोकल पोरं अक्षरशः त्या लाटांवर वाढलेली, त्यामुळे पहिल्यांदा बोर्डवर उभं राहायचं असेल तर यापेक्षा बरी जागा मनिलाच्या आसपास मला तरी माहीत नाही.

ला युनियन की बालेर? आणि सियारगाव?

ला युनियन पश्चिम किनाऱ्यावर आहे, एक्सप्रेसवेमुळे रस्ता सोपा, कॅफे-पार्ट्या भरपूर, त्यामुळे वीस-पंचविशीतल्या ग्रुपला तेच आवडतं. बालेर शांत आहे आणि सर्फिंग सोडून बघण्यासारखं जास्त आहे. सियारगावला विमानाने जावं लागतं, क्लाउड नाइन नावाची तिथली जगप्रसिद्ध लाट नवशिक्यांसाठी नाहीच, आणि दोन दिवसांत सियारगाव उरकणं म्हणजे पैसे पाण्यात. वीकेंडच हातात असेल तर भांडण फक्त पहिल्या दोघांत.

कुठल्या महिन्यात जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर थोडं लांब आहे. ऑक्टोबर ते मार्च इकडे अमिहान, म्हणजे ईशान्येकडचा वारा, पॅसिफिकमधून लाटा ढकलत आणतो, तोच सर्फचा सीझन. गोची अशी की याच काळात, खासकरून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऑरोरात पाऊसही जोरदार असतो. आपल्याकडे दिवाळीनंतर आकाश मोकळं होतं तसं इथे धरून चालू नका. डिसेंबर-जानेवारीत लाटा मोठ्या, नवशिक्यांना मग किनाऱ्याजवळच्या फेसाळ पाण्यातच ठेवतात, ते ठीकच आहे कारण शिकायचं तिथेच असतं.

माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी फेब्रुवारी ते मार्चचा मध्य बेस्ट. लाटा असतात पण अंगावर येत नाहीत, पाऊस कमी झालेला असतो, धबधब्याला पाणीही असतं. एप्रिल-मे म्हणजे कडक ऊन आणि बऱ्याचदा सपाट समुद्र, पोहायला आणि बेटं बघायला छान, सर्फिंगला नशीब लागतं. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा असतो, आपला मान्सून तोच इकडे हाबागात, त्यात पूर्व किनारा डोंगराच्या आडोशाला येतो म्हणून समुद्र शांत असतो. फक्त लांब कुठे टायफून फिरत असला की अचानक मोठ्या लाटा येतात. टायफूनचं सविस्तर खाली वेगळं लिहिलंय.

इंडियन पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

जून 2025 पासून भारतीयांना टुरिझमसाठी 14 दिवस व्हिसा-फ्री एंट्री आहे. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा यूके यापैकी कुठलाही चालू व्हिसा किंवा रेसिडेन्सी असेल तर 30 दिवस. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा जवळ ठेवा, काउंटरवर विचारतात. शिवाय येण्याच्या आधीच्या 72 तासांत ई-ट्रॅव्हलचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, तो फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. नियम बदलत राहतात तेव्हा तिकीट काढण्याआधी एम्बसीचं पेज बघाच. 14 दिवसवाल्यांसाठी एक भानगड आहे, ती सगळ्यात शेवटच्या प्रश्नात.

मुंबई-पुण्याहून फक्त वीकेंडला जमेल का? सिंगापूरहून?

मुंबईहून नाही हो. दिल्ली-मनिला थेट विमान 2025 च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय पण मुंबईहून अजून कुठेतरी बदलूनच यावं लागतं, पूर्ण दिवस जातो. आठवड्याची ट्रिप असेल तर त्यातला वीकेंड बालेरला द्या. सिंगापूरहून साडेतीन-चार तासांची फ्लाइट आहे, शुक्रवारी दुपारी निघालात तर रात्रीची बस मिळते, पण सोमवारची सुट्टी टाकाच, नाहीतर रविवारी दुपारपासून घड्याळ बघत बसाल.

मनिलाहून बालेरला जायचं कसं?

मनिलातल्या क्युबाओ भागातून बस. जेनेसिस कंपनीच्या साध्या एसी बस आहेत आणि त्यांचीच जॉय बस नावाची आरामाची बस आहे, मोठ्या सीट, आत टॉयलेट, रात्री सुटते आणि पहाटे पोहोचते. पाच ते सहा तास धरा, साध्या बसला थांबे जास्त म्हणून वेळही जास्त. शुक्रवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी क्युबाओला जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आणि परतीचं तिकीट त्याच वेळी काढा, कारण रविवारी दुपारी सगळेच निघतात.

दोन टिपा. एक, स्वेटर. बसमधला एसी म्हणजे फ्रीज आहे, आणि तो कमी करा म्हणून सांगून काही उपयोग होत नाही. दोन, काबानातुआन शहर सोडलं की पुढे डोंगराचा घाट लागतो, वळणांवर उलटी होणाऱ्यांनी पुढच्या सीट घ्या आणि गोळी निघायच्या आधी घ्या, घाट सुरू झाल्यावर नाही.

स्वतःची गाडी घेऊन जावी का?

चार-पाच जण असाल तर परवडते. भारतीय लायसन्स इंग्रजीत असतं त्यामुळे टुरिस्ट म्हणून 90 दिवस चालतं, पण इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात हे लक्षात ठेवा. डोंगर पार करायला दोन रस्ते आहेत, बोंगाबोनवरून आणि पांताबांगान धरणाच्या बाजूने. दुसरा लांब पडतो पण रस्ता बरा आहे. पावसात दोन्हीकडे दरड कोसळते, म्हणून रात्री चालवू नका, पहाटे चारला निघा.

सर्फिंग कधी केलं नाहीये, पोहताही येत नाही. चालेल का?

लेसन घेता येतो. पहिला लेसन कमरेएवढ्या पाण्यात असतो, शिकवणारा शेजारीच उभा असतो, बोर्ड घोट्याला दोरीने बांधलेला असतो आणि सॉफ्टबोर्ड तरंगतोच, तो धरला की झालं. पण पोहता येत नाही हे त्याला आधी स्पष्ट सांगा. लाजून गप्प बसणारे खूप बघितलेत, मग छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर चेहरा पांढरा पडतो. आणि लेसन संपल्यावर एकट्याने बोर्ड भाड्याने घेऊन आत जायचं हे मात्र पोहता न येणाऱ्यांसाठी नाही, त्याला चालेल असं मी म्हणणार नाही.

एका तासाच्या लेसनमध्ये नक्की काय होतं?

पहिली दहा-पंधरा मिनिटं वाळूवर. बोर्डवर पालथं झोपायचं, पायाची बोटं शेपटाच्या टोकाला, हात बरगड्यांजवळ, आणि "अप!" म्हटलं की एका झटक्यात उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर किनाऱ्यावर. बहुतेक जण खाली पायाकडे बघतात आणि जिकडे नजर तिकडे माणूस, पडतातच. कुठला पाय पुढे हे ठरवायला कुणीतरी मागून हलकाच धक्का देतं, जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा.

मग पाण्यात. तुम्ही बोर्डवर झोपलेले, शिकवणारा मागे उभा राहून लाटा बघत असतो आणि तुम्हाला वाटतं ही घेऊया तर तो मान हलवतो, पुढची सोडतो, आणि मग तिसऱ्या कुठल्यातरी लाटेला बोर्ड ढकलून "पॅडल, पॅडल, अप!" असं ओरडतो. पहिल्या तीन-चार लाटांना नाकातोंडात पाणी जाणार हे गृहीत धरा. साधारण तब्येतीचा माणूस पहिल्या तासात दोन-चारदा तरी उभा राहतोच. तासापेक्षा जास्त पहिल्या दिवशी घेऊ नका, खांदे संपतात, दुसऱ्या दिवशी हात वर करून केस विंचरता येत नाहीत. त्यापेक्षा शनिवारी एक तास आणि रविवारी एक तास. शरीर रात्रीत काहीतरी शिकून ठेवतं, रविवारी फरक जाणवतो.

पडायचं कसं हे नीट विचारून घ्या. डोक्यावर नाही, पाठीवर किंवा बुडावर पसरून पडायचं, वर येताना हात डोक्यावर धरायचे, आणि लाट आणि तुमच्या मधे बोर्ड कधीच येऊ द्यायचा नाही. बहुतेक मार लागतो तो लाटेने फेकलेल्या स्वतःच्याच बोर्डाचा.

काय घालायचं? बिकिनी घालावीच लागते का?

अजिबात नाही. लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि लेगिंग्ज किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स, इथल्या बायकाही तेच घालतात. रॅश गार्ड नसेल तर बोर्डवर घासून छाती-पोट सोलवटतं आणि पाठ उन्हाने भाजते. कॉटनचा टी-शर्ट नको, ओला झाला की जड होतो. पाणी वर्षभर कोमट असतं, वेटसूट लागत नाही. अंगठ्या, मंगळसूत्र, चेन सगळं रूमवर ठेवा.

चष्मा आहे, लेन्स घालून जाऊ का?

डेली डिस्पोजेबल लेन्स घालून लोक जातात, पडताना डोळे घट्ट मिटायचे, तरी एखादी वाहून गेली तर तयारी हवी म्हणून जास्तीची जोडी न्या, आणि बाहेर आल्यावर त्या लेन्स फेकूनच द्या. नंबर कमी असेल तर काहीच न घालता जा. लाट तुम्हाला बघायचीच नसते, ते काम मागच्याचं.

मुलाचं वय 8 आहे / माझं वजन 95 आहे / मी 52 ची आहे. चालेल?

तिघांनाही चालेल. मुलांना तर मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. वजन जास्त असेल तर मोठा, नऊ फुटी वगैरे बोर्ड मागा. वयाचं म्हणाल तर गुडघे आणि कंबर बघा, जन्मतारीख नाही. स्लिप डिस्क, खांदा निखळण्याचा इतिहास, हृदयाचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर नको.

मला थोडंफार येतं. साबांगच्या पुढे कुठे?

दोन नावं ऐकाल. सेमेंटो हा रीफ ब्रेक आहे, खाली प्रवाळाचा खडक, लाट वेगवान आणि पोकळ, बालेरच्या स्पर्धांमुळे गाजलेला. तिथे सराईत लोकांनीच जायचं, पडलात तर वाळू नाहीये खाली. दुसरं चार्लीज पॉइंट, नदीच्या मुखाजवळ. 1976 मध्ये 'अपोकॅलिप्स नाऊ' या सिनेमाचा सर्फिंगचा प्रसंग इथे शूट झाला, जागेचं नावही त्यातूनच आलं. शूटिंगवाले जाताना सर्फबोर्ड मागे सोडून गेले आणि गावच्या पोरांनी त्यावर शिकून घेतलं, अशी इथली कथा आहे, कुणालाही विचारा, अभिमानाने सांगतात. कुठेही गेलात तरी पहिल्यांदा लोकल माणूस बरोबर घ्या, आणि लाटेवर आधी जो आहे त्याच्या वाटेत घुसू नका, त्यावरून इथेही भांडणं होतात.

बुडण्याची भीती वाटते. रिप करंट म्हणजे काय आणि ओळखायचा कसा?

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच, ते एका पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं तो रिप करंट. किनाऱ्यावर उभं राहून पाच मिनिटं बघा: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतोय, कधी गढूळ, कधी फेस आत जाताना दिसतो. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सेफ वाटते आणि तो तिथेच उतरतो. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करू नका, दमाल. तरंगत रहा, हात वर करून हाका मारा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर परत या. बोर्ड असेल तर सोडू नका.

संध्याकाळी बिअर घेऊन पाण्यात उतरणं हा जो प्रकार आपल्याकडे गोव्यात चालतो तो इथे करू नका, पॅसिफिक आहे हा.

सर्फिंग सोडून दोन दिवसांत काय बघता येईल?

शनिवारी पहाटे पोहोचलात की थोडं झोपा, नाश्ता करा, आठ-नऊला लेसन, जेवण, मग दुपारी ट्रायसिकल (मोटरसायकलला साइडकार लावलेली इथली रिक्षा) करून दक्षिणेकडची चक्कर: एर्मिता हिल, दिगिसित बीच, समोरचे आनियाव नावाचे खडक. हे खडक ओहोटीला जवळून बघता येतात, भरतीला नुसते लांबून फोटो. रविवारी उजाडताच दुसरा लेसन, मग गावातलं म्युझियम आणि चर्च, आणि दुपारची बस. मदर फॉल्स हवा असेल तर तो शनिवारी दुपारी घ्या आणि दक्षिणेची चक्कर सोडा. दोन्ही कोंबणारे लोक फोटो भरपूर आणतात आणि सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकतात.

एर्मिता हिलवर मात्र जा. 27 डिसेंबर 1735 ला समुद्राची प्रचंड लाट येऊन जुनं गाव पूर्ण वाहून गेलं, जी मोजकी कुटुंबं या टेकडीवर पळत चढली ती वाचली. सात कुटुंबं होती असं सांगतात, त्यांची आडनावं आजही गावात आहेत. टेकडीवर त्या धावपळीचे पुतळे केलेत, आई मुलाला वर ओढतेय वगैरे, आणि तिथूनच खाली अख्खा उपसागर दिसतो. साबांगला लाटांवर हसतखेळत सकाळ घालवून इथे आलं की तो समुद्र जरा वेगळाच दिसतो.

बालेते झाड, मारिया ऑरोरा गावात, पश्चिमेकडे. वडाच्याच कुळातलं, सुमारे 600 वर्षांचं म्हणतात, मुळांच्या जाळीतून आत शिरता येतं. मुलं असतील तर नक्की. एकटे असाल तर तासाभराचा रस्ता वाचवा.

मदर फॉल्सचा ट्रेक किती अवघड आहे?

धबधब्याचं खरं नाव दितुमाबो, शेजारच्या सान लुइस गावाच्या हद्दीत. ट्रायसिकल दगडधोंड्यांच्या रस्त्यावरून कंबरडं मोडत पायथ्याशी सोडते, तिथे नाव लिहायचं, फी भरायची, गाइड घ्यायचा, आणि मग अर्धा-पाऊण तास चाल. चढ फार नाही पण नदी परत परत ओलांडावी लागते, गुळगुळीत दगडांवर, काही ठिकाणी बांबूच्या साकवावरून. चपला नको, पकड असलेले सॅंडल हवेत, फोन झिपलॉकमध्ये. शेवटी पाणी इतकं थंड की आत गेल्यावर आधी ओरडायला होतं. वर डोंगरात पाऊस असेल तर रस्ता बंद करतात आणि गाइड नाही म्हणाला तर वाद घालू नका, पाणी मिनिटांत वाढतं.

त्या चर्चची काय स्टोरी आहे? सगळे म्हणतात बघा बघा, पण दिसायला तर साधंच आहे.

दिसायला साधंच आहे, सध्याची इमारत नंतर बांधलेली आहे. पण गोष्ट भन्नाट आहे. 1898 च्या जूनअखेर बालेरमधली स्पॅनिश तुकडी, पन्नासेक माणसं, फिलिपिनो क्रांतिकारकांच्या वेढ्यात या चर्चमध्ये अडकली. त्या डिसेंबरमध्ये पॅरिसचा तह झाला, स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला देऊनही टाकलं, युद्ध संपलं, पण आत बसलेल्यांना पटेना. बाहेरून निरोप आले, वर्तमानपत्रं टाकली, त्यांना वाटलं सगळं खोटं छापून आणलंय. बेरीबेरीने माणसं मरत होती, कॅप्टनही गेला, तरी लेफ्टनंट मार्टिन सेरेसो अडून बसला. शेवटी एका पेपरमध्ये त्याने आपल्याच ओळखीच्या अधिकाऱ्याच्या बदलीची बारीकशी बातमी वाचली, जी कुणी शत्रू बनवूच शकला नसता, आणि तेव्हा त्याला पटलं. 2 जून 1899, वेढ्याचा 337 वा दिवस. क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो याने 30 जूनला हुकूम काढला की यांना कैदी नाही, मित्र म्हणून वागवा आणि घरी जाऊ द्या. म्हणून 30 जून हा इथे फिलिपिनो-स्पॅनिश मैत्री दिन असतो.

फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन इथलेच, जन्म 1878, आणि प्रांताचं नाव त्यांच्या पत्नी दोन्या ऑरोरा यांच्यावरून. 1949 मध्ये बालेरला हॉस्पिटलच्या उद्घाटनाला येताना बोंगाबोनच्या डोंगरात त्यांच्या गाड्यांवर हल्ला होऊन त्या मारल्या गेल्या. त्यांचं घर चर्चच्या जवळच आहे, म्युझियमही. तिन्ही मिळून दीड तास पुरे.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण तयारीने या. भाजीतही डुकराचे तुकडे किंवा बागुओंग म्हणजे मासे किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी असते, आणि नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की मान डोलावून चिकन आणतात. असं सांगा: "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागुओंग पो", म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, बागुओंग नाही. पाको नावाच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांचं सॅलड इथली खासियत आहे, त्यावरचं खारं अंडं काढायला सांगा. लसणाचा भात, तळलेली वांगी, केळ्या-फणसाचा गोड तुरोन, केळीच्या पानातला चिकट तांदळाचा सुमान, शहाळी, एवढ्यावर दोन दिवस आरामात निघतात. जैन असाल तर लसणाशिवाय इथे पान हलत नाही, थेपले आणि खाकरे बांधून आणा. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे, सकाळी आलेला ट्यूना दुपारी कोळशावर.

खर्च किती? कार्ड चालतं का?

सर्फिंग, बोर्ड आणि शिकवणारा मिळून तासाला साधारण 350 ते 500 पेसो धरा, एक पेसो म्हणजे ढोबळ दीड रुपया. ट्रायसिकलच्या चकरांचे दर ठरलेले असतात, गेस्टहाऊसवर आधी विचारून घ्या आणि दर गाडीचा आहे की माणशी हे बसायच्या आधी क्लिअर करा. गावात एटीएम आहेत, पण सुट्टीत रांग लागते आणि कधी पैसे संपतात, बीचवर कार्ड क्वचितच घेतात. मनिलाहूनच कॅश आणा, तीही छोट्या नोटांत. हजाराची नोट पुढे केली की ट्रायसिकलवाला आधी तुमच्याकडे आणि मग आकाशाकडे बघतो.

शिकवणाऱ्याला लेसननंतर शंभरेक पेसो टिप द्या. बीचवर जे भरता त्यातला काही भाग बोर्डवाल्याचा असतो.

भाषेचं काय?

इंग्रजी सगळीकडे चालतं. मोठ्या पुरुषाला "कुया", बाईला "आते" म्हणा, म्हणजे दादा आणि ताई, आणि वाक्याच्या शेवटी "पो" लावा, तो आदर असतो. "सालामात पो" म्हणजे धन्यवाद. एवढ्यावर लोक खूश होतात.

सनसेट पॉइंट कुठला?

नाहीये. किनारा पूर्वेकडे आहे, सूर्य मागे डोंगरात मावळतो. कोकणातल्या माणसाला समुद्रातून सूर्य वर येताना बघायची सवय नसते, त्यासाठी पाचला उठा, थंडीत सहापर्यंत चालेल.

आईवडील 65-70 चे आहेत, त्यांना न्यावं का?

न्या, पण रात्रीच्या बसने नाही, दिवसा गाडीने. त्यांच्यासाठी चर्च, म्युझियम, बालेते झाड आणि साबांगच्या सावलीत बसून तुम्हाला पडताना बघणं. मदर फॉल्स नको. वरची एर्मिता हिलची गंमत त्यांनाही करता येते, वरपर्यंत वाहन जातं.

होली वीकला (ईस्टरच्या आधीचा आठवडा) सुट्टी आहे, तेव्हा जाऊ?

शक्यतो नको. अख्खं मनिला गावी निघतं, बस फुल, रूमचे दर डबल. शिवाय गुड फ्रायडेला पाण्यात उतरू नये असं जुनी माणसं अजून मानतात. जायचंच असेल तर महिनाभर आधी बुकिंग.

टायफूनची किती भीती बाळगायची?

भीती नको, लक्ष हवं. पूर्व किनारा म्हणजे वादळांचा पुढचा दरवाजा. नोव्हेंबर 2024 मध्ये पेपितो शेजारच्या दिपाकुलावला धडकलं, नोव्हेंबर 2025 मध्ये उवान याच प्रांतातल्या दिनालुंगानला. म्हणजे सर्फचा सीझन सुरू झाला तरी वादळं संपलेली नसतात. निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून पागासाचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं, बुलेटिन बघा. सिग्नल 1 ते 5 असतात, ऑरोरावर 1 जरी लागला तरी ट्रिप पुढे ढकला, कारण वारा नंतर येतो पण समुद्र आधीच बंद होतो आणि घाटात दरडी पडतात. "लांब आहे अजून" म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचं ऐकू नका.

पोहोचलो आणि समुद्रात जायला बंदी निघाली तर पैसे परत मिळतात का?

लेसनचे पैसे सहसा आगाऊ घेतच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. रूमचं ज्याच्या त्याच्या पॉलिसीप्रमाणे, बुक करतानाच तारीख बदलता येते का विचारा. नुसत्या मोठ्या लाटा असतील आणि वादळ नसेल तर दिवसातून दोनदा किनाऱ्यावर चक्कर मारा, भरती-ओहोटीप्रमाणे सकाळी अशक्य वाटणारं पाणी दुपारी बरं होतं. सावरलंच नाही तर चर्चवाला दीड तास आज करून टाका.

आठवण म्हणून काय आणायचं?

साबुतानच्या पात्यांपासून विणलेल्या टोप्या, पिशव्या, चटया. हे इथलंच, केवड्याच्या जातीच्या झाडाचं पान आहे. "सर्फ बालेर" टी-शर्ट मनिलातही मिळतो.

14 दिवसांच्या व्हिसा-फ्रीवर आलोय आणि बालेर शेवटच्या वीकेंडला ठेवलंय. काही अडचण?

हीच ती भानगड. हे 14 दिवस वाढवून मिळत नाहीत. रविवारी घाटात दरड पडली किंवा बस रद्द झाली, सोमवारची फ्लाइट चुकली, तर तिकिटाचा खर्च आणि वर ओव्हरस्टेचं झंझट. म्हणून बालेर ट्रिपच्या पहिल्या आठवड्यात घ्या आणि मनिला, त्याच्या जवळचं तागायताय वगैरे शेवटी ठेवा. तारखा बदलताच येत नसतील तर बालेरहून निघणं आणि मायदेशीचं विमान यात किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, आणि तो दिवस मनिलात काढा, बालेरमध्ये नाही.